ग्रॅम आत्याचा बारावा आठवडा

आमच्या आत्याला रोज सकाळी सहाला चक्कर येते आणि ती धाडकन पडते, ही बातमी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी अख्ख्या जिन्याला पुरवली होती. "अगं, रोज! घड्याळ लावून घे. आधी धप्प, मग जरा शांत, मग पुन्हा धप्प. वर ती म्हणे रोज वजन करून भिंतीवर लिहिते. डॉक्टर काय बोलले असतील, ते आपण समजून घ्यायचं." हे सगळं काकू दातांतली टाचणी न काढता बोलतात. मी काडेपेटीतली काडी दातांत धरून ते हुबेहूब करते. जिन्यात फार मागणी आहे.

तर, पडायची ती आत्या नव्हे. पडायचं ते वीस किलोचं लोखंडी वजन. आणि आत्याला आजार वगैरे काही नव्हता. तिला अंगावर मांस चढवायचं होतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. राहते आमच्याकडेच, मागच्या खोलीत, माझ्याबरोबर. दुकानांतले वजनकाटे तपासायचं तिचं काम. माशांच्या दुकानात ती पायरीवर उभी राहूनच सांगते, "भाऊ, पारड्याखाली मेण चिकटलंय, काढा." ग्रॅमशिवाय तिचं पान हलत नाही, म्हणून मी तिला ग्रॅम आत्या म्हणते. तपासणीला वीस-वीस किलोची वजनं न्यावी लागतात. पूर्वी ती उचलायला गाडीवर दोन माणसं असायची. नवीन साहेब आले आणि म्हणाले, ज्याची तपासणी त्यानंच उचलायची. आत्यानं चार उचलली. पाचव्याला ती गाडीच्या फळीवर मट्कन बसली.

साहेबांचं प्रत्येक वाक्य खोकून सुरू होतं. "ह्हं. हे बघा, काय आहे ना मॅडम, वजन तुम्ही उचलणार, का तुम्हाला वजन उचलणार?" मग त्यांनी मुदत दिली. बारा आठवड्यांनी, शनिवारी, गाडीतून छातीइतक्या उंच चौथऱ्यावर दहा वजनं, मध्ये न बसता. जमलं तर गाडी. नाहीतर कायमची नोंदणीची खोली. तिथं खिडकी नाही आणि दिवसभर शिक्के मारायचे. आत्या एकदा महिनाभर तिथं होती, तेव्हा ती घरी येऊन आईच्या डब्यांवर तारखा टाकायची.

त्याच संध्याकाळी तिनं ऑफिसातलं एक बाद वजन घरी आणलं. तीन ग्रॅम कमी भरलं म्हणून काढून टाकलेलं. "तीन ग्रॅमसाठी नोकरी गेली बिचाऱ्याची," मी म्हणाले. आत्या हसली नाही. तिच्या मते ते योग्यच होतं.

मग सुरू झाला सकाळचा सोहळा. उठायचं, संडासला जाऊन यायचं, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, तोच जुना निळा गाऊन घालायचा. काटा ठेवायचा तो कोपरा उडालेल्या फरशीवरच. सतरंजीवर ठेवला तर तो कमी दाखवतो, असं ती मला वरचेवर सांगायची (हे लक्षात ठेवा, मी ठेवलं होतं). आधी काट्यावर ते लोखंडी वजन. वीस दाखवले की तो खरा. मग स्वतः. आकडा कॅलेंडरच्या मागे, आणि रविवारी सात आकड्यांची सरासरी, तिच्याभोवती गोल. त्यानंतर व्यायाम: वजन उचल, ठेव, उचल, ठेव. काकूंचं धप्प ते हेच.

पहिल्या आठवड्याची सरासरी एकोणपन्नास पूर्णांक आठ.

तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या मित्राकडे जेवण होतं. सगळंच खारट. दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलोनं वर! बाबा शेवटचा शब्द दोनदा म्हणतात. "छोटे, एका रात्रीत सव्वा किलो! जिंकलीस, जिंकलीस!"

"दादा, ते पाणी आहे. मीठ पाणी धरून ठेवतं. उद्या जाईल."

दुसऱ्या दिवशी खरंच गेलं, तर आई घाबरली. "अहो, वन्संचं किलोभर उतरलं! मी अंडी वाढवते."

"वहिनी, अंडी वाढवा, पण घाबरून नको. एका दिवसाच्या आकड्याला मी साक्षीलासुद्धा बोलावणार नाही."

इतकी ती थंड. पण सहावा आणि सातवा आठवडा सरासरी जागची हललीच नाही. पन्नास पूर्णांक सात, पुन्हा पन्नास पूर्णांक सात. आत्या कॅलेंडरसमोर हनुवटीला हात लावून बसली. तिनं टेपनं दंड मोजला, मांडी मोजली, कंबर मोजली, आणि हळूच मला विचारलं, "नोंदणीच्या खोलीला निदान पंखा तरी असेल ना गं?" शिक्के मारून आलेली माणसं जशी बोलतात ना, अगदी तसा आवाज. मला तो करून बघावासाही वाटला नाही.

म्हणून मी दुसरं केलं. तिला चिडवलं. "आत्या, बाराव्या आठवड्याची सरासरी पहिल्यापेक्षा दोन किलो वर गेली, तर मी आठवडाभर कुणाचीही नक्कल करणार नाही. नाही गेली, तर तू साहेबांसमोर साहेबांची नक्कल करायची. खोकण्यासकट."

ती ताठ बसली. "कुणाचीही नाही? काकूंचीसुद्धा?"

"काकूंचीसुद्धा."

"आण हात."

त्या दिवसापासून ती दोन केळी, एक ग्लास दूध आणि मूठभर शेंगदाणे जास्त खाऊ लागली. दूध ती औषधासारखं, डोळे मिटून प्यायची. आकडे सरकू लागले. आत्याच्या शर्टाच्या बाह्या उसवून सैल करायला काकूंकडेच गेल्या, तरी काकूंनी तिला लावलेला आजार काही बरा होईना. "सूज असते गं ती," टाचणीतून.

बाराव्या आठवड्यात माझं धाबं दणाणलं. सोमवारी ५२.३, मंगळवारी ५१.९, बुधवारी ५२.४. आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. गुरुवारी आत्या संडासात असताना मी काट्याखाली काकूंकडून आणलेला जाड मऊ कापडाचा तुकडा सरकवला आणि पलंगावर येऊन घोरू लागले. घोरणं बाबांचं होतं.

आत्यानं लोखंडी वजन ठेवलं. काटा म्हणाला, एकोणीस पूर्णांक तीन.

मी एक डोळा उघडला. ती काट्याकडे बघत नव्हतीच, माझ्याकडे बघत होती. मग दुकानदाराशी बोलते त्या गोड आवाजात म्हणाली, "ताई, काट्याखाली काय आहे? आपणच काढता, का मी पंचनामा करू?"

मी घोरणं थांबवलं. कापड काढलं. काटा फरशीवर बसला, वजन वीसला आलं, आत्या चढली. ५१.७.

"दंड," ती म्हणाली. "एक आठवडा नाही, दोन."

शुक्रवारी ५२.२. शनिवारी सकाळी ५२.०, आणि मग परीक्षा. आम्ही तिघं ऑफिसच्या आवारात कुंपणाला चिकटून उभे. पाचव्या वजनाला आईनं माझं मनगट धरलं. सातव्याला आत्या क्षणभर तशीच उभी राहिली, वजन पोटाशी धरून, फळीकडे बघत. बाबा पुटपुटले, "बसू नको, बसू नको." ती बसली नाही. दहावं चौथऱ्यावर ठेवून तिनं त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. साहेब खोकले. "ह्हं. हे बघा, काय आहे ना…" म्हणत त्यांनी गाडीची किल्ली पुढे केली.

त्या दिवशी आनंदानं आत्याला जेवणच गेलं नाही. घामही भरपूर गेला होता. रविवारी सकाळी काटा ५१.१!

मी पलंगावर उभी राहिले. "फक्त एक किलो तीनशे! ह्हं! हे बघा, काय आहे ना मॅडम, आपण हरलात!" तशीच ओरडत दोन जिने उतरून काकूंनाही सांगून आले. वर आले तेव्हा आत्या पेन्सिल घेऊन वाट बघत होती.

"झालं? आता बेरीज कर. सातही आकडे. मी हात लावणार नाही, नाहीतर म्हणशील गडबड केली."

मी केली. तीनशे त्रेसष्ट पूर्णांक सहा. भागिले सात. एक्कावन्न पूर्णांक नऊ चार. पुन्हा केली. तेवढंच. त्यातून एकोणपन्नास पूर्णांक आठ वजा केले, आणि माझ्याच अक्षरात दोन पूर्णांक एक चार उतरले.

"कंबर होती तेवढीच आहे," आत्या टेप गुंडाळत म्हणाली, "दंड दीड सेंटीमीटरनं वाढलाय. उद्यापासून चौदा दिवस."

आज तिसरा. मी गप्पच असते, कारण माझ्या स्वतःच्या आवाजात काय बोलायचं ते सुचत नाही. सकाळी काकूंनी जिन्यात बातमी दिली, की वरच्या मुलीच्या घशाचं काहीतरी गंभीर निघालंय, डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केलीय. टाचणी दातांत होती. काडेपेटी माझ्या खिशात होती. मी जिन्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि घरात निघून आले.