धाकट्याचे चार प्रश्न

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात पासष्ट वर्षांचं लेकरू एकच, आणि ते म्हणजे माझा मेहुणा. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. वल्हांडण, म्हणजे गुलामीतून सुटल्याचा सण; त्या रात्री जेवणाआधी घरातल्या सगळ्यात धाकट्यानं, आजची रात्र वेगळी का, असे चार प्रश्न गाऊन विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं, ही आमची रीत. पोरं इस्राएलला गेली, मागं उरलो तीन म्हातारे, मी, बायको आणि हा तिचा भाऊ; त्यात धाकटा हाच. घोटीहून एसटीनं यायचा, वाटभर गाणं घोकत. कंडक्टरनं एकदा विचारलं, बाबा, कुठं दुखतंय का. घरी आला की पाटावर मांडी, हाताची घडी, आईनं शिकवलं होतं तसं, आणि पांढऱ्या मिशीतून पोरासारखा बारीक आवाज. शेजारीण विचारायला आली होती, नातू आलाय का म्हणून. एका वर्षी खरोखरच आमची पाच वर्षांची नात आली, तर हा गडी जागा सोडेना. म्हणे, तिचे पुढचे दात पडलेत, शब्द नीट यायचे नाहीत. स्वतःच्या तोंडात दात चार. शेवटी बायकोनं दोन प्रश्न नातीला दिले, दोन भावाला, तेव्हा मिटलं.

उत्तर बायको गायची. मी सातवी नापास फिटर. मला ना हिब्रू वाचता येतं, ना सूर लागतो. मी आपला मनुकांचं सरबत पीत बसायचो. दिवाळीनंतर ती गेली. मेहुण्याला फोनवर सरळ सांगितलं, यंदा सण नाही, येऊ नको. तरी आला. बेखमीर भाकरी, कडू भाजी, सगळं पिशवीत घेऊन. मी शिव्या घातल्या, त्यानं पाट मांडला आणि चारही प्रश्न गायले. मी भिंतीकडं बघतोय, आणि हा हलेना.

"दाजी, उत्तर द्या."

"तुझी ताई द्यायची. मला येत नाही."

"मग मी आत्ता विचारलं कुणाला?"

काय करणार. गाणंबिणं नाही, साध्या मराठीत सांगितलं, मिसरात, म्हणजे इजिप्तात, आपण गुलाम होतो, देवानं हात धरून बाहेर काढलं. तो ऐकत होता पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मध्येच म्हणाला, पुढं काय झालं. मी सांगत गेलो.

आमच्यात असं आहे, की माणूस एकटा असला तरी प्रश्न विचारायचे, आणि उत्तरही आपलं आपणच द्यायचं. मी सत्त्याहत्तरचा. मी गेलो की या गड्यावर ती पाळी येणारच. बारीक आवाजात विचारेल, जाड आवाजात उत्तर देईल, आणि हसायलासुद्धा कुणी नसेल. म्हणून हल्ली डॉक्टरच्या गोळ्या घेतो. आधी मोरीत टाकायचो.