होडीची ओळ

नथ्थूभाऊ इस्टिमेट करायला बसले की आधी की-बोर्डला हात लावून तो कपाळाला लावायचे. मीही सकाळी कॉम्प्युटर चालू करताना दत्ताचं नाव घेते, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही. भूपेशसाहेबांना मात्र हसू यायचं. भूपेशसाहेब आमचे इंजिनिअर. खापर गावच्या बाजारात खताच्या दुकानावर त्यांचं हापिस आहे. ग्रामपंचायतींच्या कामांची अंदाजपत्रकं आम्ही करून देतो. टायपिंग आणि प्रिंट माझ्याकडे, ओळी भरायचं काम नथ्थूभाऊंकडे.

नथ्थूभाऊ तळोद्याकडचे, तापीकाठच्या गुजर घरातले. वडिलांबरोबर केळीच्या वावराला टेप लावता लावता त्यांना मोजायची गोडी लागली. बारावीनंतर एका कंत्राटदाराकडे राहिले आणि बत्तीस-तेहतीस वर्षं त्यांनी हातानं इस्टिमेटं लिहिली. खोदकाम एक ओळ, काँक्रीट एक ओळ, वीटकाम, गिलावा, खिडकीची जाळीसुद्धा वेगळी. अक्षर असं की साहेब लोक कागद जपून ठेवायचे. आणि शेवटी, डाव्या कोपऱ्यात, टीप. विसरवाडीकडच्या एका शाळेच्या इस्टिमेटात त्यांनी लिहिलं होतं, ‘टीप : नाल्याला पाणी असताना ट्रक अलीकडेच थांबतो. पुढे बैलगाडी धरावी.’ वरच्या साहेबांनी ती वाचून बैलगाडी धरलीही होती.

मग सॉफ्टवेअर आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण शिकला. रंजनाबाई, त्यांची घरवाली, मला एकदा म्हणाली, “बेन, मन्हा घरमा मॅट्रिकना पोऱ्या बशेल शे, असं वाटस.” शिकले सगळं. फक्त पहिल्या आठवड्यात मला विचारलं, “शीलाबेन, याम्हा टीप कोठे लिखतंस?”

मी शोधलं. टीप लिहायला जागाच नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर तुळशीबाई आली. ती मणिबेलीच्या अलीकडच्या एका पाड्यावरची अंगणवाडीताई. पाड्याला रस्ता नाही, होडीनंच जावं लागतं. घरी ती भिलीत बोलते, पण आमच्यासमोर अगदी शाळेच्या पुस्तकातलं मराठी. “मी ठराव घेऊन आलेली आहे,” ती म्हणाली. अंगणवाडीला एक खोली मंजूर होणार होती. तोवर मुलं पाड्यावरच्या दोधूच्या बकऱ्यांच्या गोठ्याशेजारी बसत होती. मुलांचा वजनकाटा तुळशीबाई आंब्याच्या फांदीला टांगायची. निधी मार्चअखेरपर्यंतच होता. तोवर काम सुरू झालं नाही तर परत जाणार.

नथ्थूभाऊंनी ओळी भरायला घेतल्या. लीडपाशी आले. लीड म्हणजे खाणीपासून कामापर्यंत माल किती लांब न्यायचा ते अंतर. त्यावर वाहतुकीचे पैसे ठरतात.

“होडीतून उतरल्यावर जागा किती लांब?” त्यांनी विचारलं.

“कोणत्या महिन्यात?” तुळशीबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“भाद्रपदात होडी जागेजवळ लागते. वैशाखात पाणी खाली जातं, मग अर्धा तास चढावं लागतं. चिखलसुद्धा असतो. पाऊस लागला की पाणी परत वर चढतं.”

नथ्थूभाऊ पडद्यावरच्या त्या चौकोनाकडे पाहत राहिले. त्यात एकच आकडा मावत होता.

मग ते स्वतः जाऊन आले. दोन दिवस लागले. परत आले तेव्हा चपला हातात होत्या आणि वहीत सगळं लिहिलेलं होतं. खात्या नावाच्या होडीवाल्याच्या होडीत एका फेरीला सिमेंटच्या बारा गोण्या. वारा असेल तर आठ. रेती पाट्यांनी. सळई आडवी बसत नाही, कापून न्यावी लागेल. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये नवी ओळ घातली, ‘होडीने वाहतूक’. ओळ लाल झाली.

“सरकारी दरसूचीत नंबर नाही हिला, काका,” भूपेशसाहेब म्हणाले. “जादाची ओळ पाहिजे तर तीन कोटेशनं लावा.”

“लावतू ना. तीन होडीवाला शेतस.”

“जीएसटी नंबरवाली कोटेशनं.”

नथ्थूभाऊ हसले. मीही हसले. खात्याचा जीएसटी नंबर! साहेब मात्र हसले नाहीत, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. तरी नथ्थूभाऊंनी तिघांचे अंगठे घेतलेल्या चिठ्ठ्या जोडून फाइल पाठवली. आठ दिवसांत परत. मग त्यांनी होडीचं अंतर रस्त्याच्या किलोमीटरमध्ये घातलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी ओळ लिहिली, असं मला म्हणाले. तीही परत आली. शेरा होता, ‘नकाशावर या ठिकाणी रस्ता दिसत नाही. खुलासा करावा.’

“रस्ता नही, हाईच तं मी सांगी ऱ्हायनू!” ते पडद्यालाच म्हणाले.

डिसेंबर संपत आला होता. भूपेशसाहेब खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले. “काका, आधी मंजूर तर होऊ द्या. बाकी कंत्राटदार बघून घेईल,” म्हणाले, आणि होडीची ओळ काढून टाकली. लीड नदीच्या अलीकडच्या काठापर्यंतच धरलं. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. चार दिवसांत मंजुरी आली. एवढ्या लवकर आमचं एकही इस्टिमेट कधी मंजूर झालं नव्हतं.

तुळशीबाईला फोन मीच केला. पलीकडून तिनं कुणाला तरी भिलीत ओरडून सांगितलं, आणि मग पोरांचा एवढा गलका ऐकू आला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तो फोन मी करायला नको होता, असं आता वाटतं.

निविदा निघाली. कुणी भरली नाही. दुसऱ्यांदा निघाली, तेव्हाही नाही. आमच्याकडे येणारा एक कंत्राटदार चहा पिता पिता म्हणाला, “नथ्थूभाऊ, तुमना सिमेंट काय मासा शे का, पोहत जाई?” सगळे हसले. नथ्थूभाऊंनी त्या दिवशी चहा तसाच ठेवला. त्या गुरुवारी मी सारंगखेड्याला दत्ताच्या दर्शनाला गेले. हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना. देवाला दरसूचीतला नंबर कसा मागायचा?

मार्चचे पाच दिवस राहिले असताना तुळशीबाई जिन्यानं वर आली. चेहरा उजळलेला.

“रेती आम्ही आणलेली आहे,” ती म्हणाली. “तीनशे चाळीस पाट्या. जान्यानं, दोधूनं, सगळ्यांनी फेऱ्या मारल्या. पैसे नको. तेवढे रेतीतून कमी करून होडीला धरा, म्हणजे ठेकेदाराला परवडेल.”

नथ्थूभाऊ लगेच कॉम्प्युटरकडे वळले. त्यांनी फाइल उघडली, रेतीच्या ओळीवर गेले, आकडा बदलायला बोट ठेवलं. पडद्यावर चौकट आली. ‘मंजूर अंदाजपत्रकात बदल करता येणार नाही.’ त्यांनी ती बंद केली, परत बोट ठेवलं. परत आली. भूपेशसाहेबांना फोन लावला. साहेब नंदुरबारला मीटिंगमध्ये होते. “काका, आता माझ्याही हातात नाही,” एवढंच म्हणाले.

मग नथ्थूभाऊंनी कपाटातून जुना लांब कागद काढला, पट्टीनं रेघा मारल्या आणि हातानं सगळं लिहिलं. खोदकामापासून गिलाव्यापर्यंत एकेक ओळ. होडीची ओळ, फेऱ्या, गोण्या. डाव्या कोपऱ्यात, ‘टीप : रेती गावाने स्वतः आणली आहे. ३४० पाट्या.’ खाली सही केली. त्या सहीला काही किंमत नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तुळशीबाईनं कागद दोन्ही हातांनी घेतला, सगळा वाचला. “हा कुठे द्यायचा?” तिनं विचारलं.

नथ्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे पाहिलं.

मग नथ्थूभाऊंनी विचारलं, “रेती कुठे ठेवली, बाई?”

“काठावर.”

“कोणत्या महिन्याच्या?”

तिनं वर पाहिलं. कागदाची घडी घालणारे हात थांबले.

“आत्ताच्या,” ती म्हणाली, आणि बोटांवर मोजायला लागली. चैत्र, वैशाख, जेठ.