इवायांच्या दोन हिरव्या मोटारी

शर्यतीच्या मोटारीवर एवढा जीव टाकणारा आणि स्वतः जन्मभर सायकल हाणलेला माणूस आमच्या इवायांशिवाय लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे, शोभाचे सासरे. पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांच्याकडं तळहाताएवढ्या दोन मोटारी होत्या. दोन्ही हिरव्या, दोन्ही एकाच जुन्या विलायती मोटारीच्या नकला. लांब नाकाड, छप्पर नाही, चाकं उघडी, बसणाऱ्याचं डोकं वाऱ्यावर. एक त्यांनी हैदराबादच्या दुकानातून आणलेली, दुसरी परदेशी गेलेल्या भाच्यानं पाठवलेली. दोन वेगळ्या कंपन्यांनी केलेल्या, म्हणून त्यांत बारीक बारीक फरक होते, आणि अस्सल मोटारीच्या जास्त जवळ कोणती हा इवायांचा जन्माचा प्रश्न होता. अस्सल मोटार त्यांनी एका मासिकातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोत तेवढी पाहिलेली. त्यामुळं हिरवा रंग कुणाचा खरा, याचा निकाल लागायची सोयच नव्हती. मला वाटतं, त्यांना तेच बरं वाटायचं.

त्यांच्या घरी कुणीही जावो, चहाच्या आधी मोटारी येत. शोभाला बघायला आले तेव्हाही पिशवीत घालून घेऊन आले. नाव काय, शिक्षण किती, स्वैपाक येतो का, हे सगळं त्यांच्या बायकोनं विचारलं. इवायांनी पोह्यांच्या बशीशेजारी दोन्ही मोटारी ठेवल्या आणि म्हणाले, "पोरी, नीट बघ. काय फरक दिसतो?" शोभानं पदर सावरला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हिच्या चाकाला काड्या जास्त हायत. आन् हिचं धुराचं नळकांडं लईच पुढं गेलंय." इवाई जागेवर उठून उभे राहिले. नळकांडं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पुढची सगळी बोलणी होईपर्यंत ते खिडकीशी जाऊन दोऱ्यानं नळकांडं मोजत बसले होते. पाहुणे गेल्यावर आमचे मालक म्हणाले, "माणूस येडा हाय का?" मी म्हणाले, "असंल. पर देण्याघेण्याचं तोंडातून काढलं न्हाई. येडाच बरा."

भूकंप झाला त्या साली शोभा सासरीच होती. किल्लारीकडं काय झालं ते मी इथं लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. लातुरात घरं उभी होती, पण भिंतींवर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. माणसं अंगणात, पत्र्याखाली झोपायची. बाया भाकरी टाकायला तेवढ्या घरात जायच्या. लोकांनी धक्का कळावा म्हणून भांड्यावर भांडी रचली होती. इवायांनी ओट्यावर पाट मांडला आणि त्यावर दोन्ही मोटारी शेजारी शेजारी. जमीन हलली की मोटार पळणार. झालं असं की भाच्याच्या मोटारीची चाकं हलकी आणि हैदराबादी मोटारीची जड. रस्त्यानं ट्रक गेला तरी भाच्याची मोटार सरकायची आणि इवाई ओरडायचे, "निघा बाहेर." शोभा पिठाच्या हातानं बाहेर. शेजारच्या बायाही बाहेर. भाकरी तव्यावर कोळसा. मग एक दिवस खरंच धक्का बसला. मांडणीवरचे पितळी डबे वाजले, ओट्यावरची माणसं उठून पळाली, आणि दोन्ही मोटारी जागच्या जागी. इवाई हलले नाहीत. वाकून बघत राहिले. शोभानं दंड धरून ओढलं तेव्हा म्हणाले, "थांब गं, आधी कोण पळतंय ते बघू दे." हे शोभानं मला हसत हसत सांगितलं. त्या महिन्यात हसून सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पुढं लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. कुठकुठून पोरं यायला लागली. ज्याच्या घराला दोन खोल्या त्यानं एक पोरांना दिली. जावईही एक दिवस इवायांना म्हणाले, "अप्पा, पुढची खोली द्यायचं ठरवलंय. तुमचं मोटारींचं कपाट तेवढं काढावं लागतंय." अप्पांनी कपाट स्वतःच रिकामं केलं. मोटारी जिन्याखाली गेल्या, पाण्याच्या मोटरीशेजारी. पावसाळा संपता संपता ओलीनं एकीच्या बुडाला रंगाचे फोड आले.

इवाई औशाला माझ्या दारात आले ते पिशवी पोटाशी धरून. शरणार्थ, नमस्कार वगैरे झालं. पाणीही न पिता म्हणाले, "इहीणबाई, रंगच गेला तर तुलना कशाची करायची? पोराला सांगून कळत नाही. माझं बाकी काही मागणं नाही, कोरडी जागा पाहिजे."

मी म्हणाले, "माझ्या फडताळात खालच्या खणात डाळी हायत. वरचा घ्या. पर पोरं आली तर हात लावतील, ते मी बघत बसणार न्हाई."

"कुलूप आणलंय मी," इवाई म्हणाले.

तेव्हापासून ते मोटारी बघायला एसटीनं औशाला यायला लागले. आता आमच्यात रीत अशी, की लेकीचा सासरा दारी आला की गोडाचं करायचं आणि जाताना टॉवेल-टोपीचा आहेर द्यायचा. हा माणूस पंधरवड्याला यायचा. किती टॉवेल आणायचे? शेवटी मी एकच टॉवेल आणि एकच टोपी ठेवली. निघताना मी गंध लावून हातात द्यायची, ते डोक्याला लावायचे, मग मोटारींवर झाकून निघून जायचे. शेजारची रझियाबी भिंतीवरून बघायची. म्हणायची, "भाभी, आज बी समधी आले व्हय? आमचे तर ईदलाबी येत न्हाईत." मी म्हणायची, "त्यांची मोटार ठिवून घे, मग येतील."

काही वर्षांनी मोठमोठी वसतिगृहं झाली आणि इवायांच्या घरातली पोरं तिकडं गेली. खोली रिकामी पडली. जावयांचा फोन आला, "आई, अप्पांचं कपाट परत लावलंय." इवाई मोटारी न्यायला आले. एक पिशवीत घातली. दुसरी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि परत वरच्या खणात ठेवली.

मी म्हणाले, "ही ऱ्हायली की."

"राहू द्या," ते म्हणाले. "दोन्ही एका घरात असल्या तर मी इकडं कशाला येईन?"

मी चहा ठेवला.

आता गुडघ्यांमुळं त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. मीच लातूरला जाते आणि जाताना मोटार नेते. ते दोन्ही शेजारी ठेवतात, चाकं फिरवतात, खिडकीकडं धरून बघतात. मग निघायच्या वेळी एक उचलून माझ्या पिशवीत घालतात. म्हणतात, "ही तुमची, इहीणबाई." दरवेळी ती मी आणलेलीच असते असं नाही. मी तशीच घेऊन येते.