मावशींचं कोपर

केंदूरच्या आमच्या आळीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्या शिव्या मावशींनी दिल्या आहेत. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. पाय पसरून पाटावर बसायच्या, तेल चोपडलेलं बाळ पायांवर पालथं टाकायच्या आणि सुरू व्हायच्या, "रड की रं टकल्या! सरपंच व्हायचंय ना? मंग आवाज नको?" बाळ भोकाड पसरायचं आणि मावशी खूश व्हायच्या.

मग त्यांना कॅन्सर झाला. पुण्याहून किमो घेऊन आल्या तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. शेजारच्या तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आमचं दोघींचं जावळ एकदमच येनार बघा." पोरीचं आधी आलं, याचा त्यांना बरेच दिवस राग होता.

पुढं केस आले, पण हातापायांच्या बोटांतली जाणीव गेली. औषधानं नसांना इजा झालीय, सावकाश सुधारेल किंवा नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. ब्लाउजची हुकं लागेनात. चप्पल वाटेत गळून पडायची आणि मावशी तशाच पुढं. मागून कुणी हाक मारली की म्हणायच्या, "माझ्या पायाला न्हाई कळलं, तुला बरं कळलं! मंग आन की उचलून."

मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा आईनं गुपचूप दुसरी बाई ठरवली होती. मावशींनी तिला दारातूनच वाटेला लावलं आणि पदर खोचून आत आल्या. घंगाळात हात घालून म्हणाल्या, "कोमट हाय. आना पोराला." पाण्यातून वाफ निघत होती आणि त्यांची बोटं लालभडक झाली होती. मी बाळ छातीशी ओढलं. मावशींनी आपल्या हाताकडं पाहिलं. उठल्या आणि निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं, पण बाळ काही मी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत हजर. या खेपेला घंगाळात कोपर बुडवलं आणि ओरडल्या, "आयायाया! पोराला न्हाऊ घालायचंय का शिजवायचंय?" मग तोऱ्यात आईकडं बघून म्हणाल्या, "काल घरी समदं तपासून बघितलं. मनगटाच्या वर मी हाय तशीच हाय!" बाळ हातून निसटेल, हे मात्र त्यांनी स्वतःच कबूल केलं. म्हणून पाय त्यांचे, कोपर त्यांचं, हात माझे आणि तोंड अर्थातच त्यांचं. "मानंखाली हात घाल की! एवढी शिकलीस आन् पोर धरता येईना व्हय?" बाळापेक्षा मलाच जास्त शिव्या पडल्या.

तीन महिन्यांनी मी सासरी सणसवाडीला परत निघाले. मावशी गाडीच्या खिडकीतून एक हात बाळाच्या अंगावर ठेवून ड्रायव्हरला दम देत होत्या, "खड्डं बघून चालव. पोराची मान हलली तर बघ." दम देऊन झाला तशा वळून चालू लागल्या, आणि बाळाचा हात खिडकीकडं ओढला गेला. त्यानं त्यांचं बोट मुठीत धरलं होतं.

"मावशी, थांबा! बोट धरलंय त्यानं तुमचं!"

त्या थांबल्या. वाकून त्या इवल्याशा मुठीकडं बघितलं.

"घट्ट धरलंय का गं?"

"लई घट्ट."

"मंग सोडवू नको," म्हणाल्या, आणि ड्रायव्हरवर खेकसल्या, "ए, गाडी बंद कर!"