पूर्णगडात माझी सभा हनीफने मारून नेली

सभा घेणाऱ्या मैत्रिणींनो, मित्रांनो, विशेषाधिकाराचा विषय काढला की माणसं उठून जातात, ही आपली सगळ्यांची तक्रार.

आज पूर्णगडला माझंही तेच झालं. पुरुषांना न मागता काय काय मिळतं, ते मी तावातावाने सांगत होते. मागून एकजण ओरडला, "बाई, आमी काय केलाव? आल्यापासून शिव्याच खातोय!" हशा पिकला आणि अर्धे लोक चहाला गेले.

मग कुवेतहून सुट्टीवर आलेल्या हनीफने माईक घेतला. "तिकडे गोरा साहेब आला की आम्ही लिफ्टमधून बाहेर. तो कधी 'उतरा' म्हणाला नाही. परवा मी घरात शिरलो, तर बायको आणि बहीण खुर्च्यांवरून उठल्या. म्हटलं, च्यायला, इथला गोरा मीच!"

तो मघाचा माणूस हळूच म्हणाला, "आमची पण उठते."

मी जळून खाक झाले. पुरुष म्हणून त्याचं ऐकलं? तेही असेल. पण त्याने सुरुवात स्वतःपासून केली होती, आणि मी शिव्यांपासून. माझ्या स्वयंपाकघरात मी शिरले की कामाच्या सुमनताई अर्ध्या ताटावरून उठतात. हे मी कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही.

पुढच्या सभेत पहिल्या वाक्यात एवढंच सांगा: माझ्यासाठी कोण उठतं.