माझ्या हातातले तीन फ्यूज

"टेन्शन घेऊ नका, बाई. मी उतरल्याबिगर कुणालाच देऊ नका." डीपीतले तीन फ्यूज माझ्या हातात ठेवून आमच्या गल्लीचे लाइनमन खांबावर चढायचे. आता तुम्हीच सांगा, माणसाचा जीव हातात घेऊन टेन्शन कसं येणार नाही?

अहमदपुरात आमचं घर डीपीच्या, म्हणजे गल्लीच्या विजेच्या पेटीच्या, समोर. शाळेतून निवृत्त झाल्यामुळे मी दिवसभर घरीच. एकदा लाइनमन खांबावर असतानाच कुणीतरी फ्यूज घातले होते, ते थोडक्यात वाचले. तेव्हापासून ते फ्यूज माझ्याकडे देत.

टेन्शन हा शब्द त्यांना कुठंही चालायचा. गावाबाहेरची मोठी तार 'हाय टेन्शन', स्वतःची बीपीची गोळी 'टेन्शनची गोळी'. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, "एक टेन्शन गेलं, चार आली."

एका उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली. ते फ्यूज माझ्याकडे देऊन चढले. गिरणीवाला चार वेळा फ्यूज मागायला येऊन गेला. पाचव्यांदा म्हणाला, "द्या की बाई, उतरले ते. टपरीवर चहा पिऊन राहिले." मी टपरीकडे पाहिलं. खरंच, कप हातात घेऊन उभे होते. मी फ्यूज दिले.

दोन मिनिटांनी सहज मान वर केली, तर ते पुढच्या खांबावर! चहापुरतेच उतरले होते. मी अनवाणी पळत सुटले. गिरणीवाल्याने डीपीचं दार उघडलं होतं, पहिला फ्यूज हातात होता. मी अशी किंचाळले की त्याच्या हातून तो खालीच पडला.

ते उतरून आमच्या ओट्यावर बसले. पाणी मागितलं, खिशातली गोळी घेतली. मला रडूच आलं. "चुकलं माझं," मी म्हणाले.

तार अजून जोडायची राहिली होती. मला वाटलं, आता फ्यूज स्वतःच्याच खिशात टाकतील. त्यांनी पडलेला उचलला, गिरणीवाल्याकडचे दोन घेतले, तिन्ही शर्टाला पुसले आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवले.

"आता मात्र जरा टेन्शन घ्या, बाई," म्हणाले आणि चढले.

पुढं ते निवृत्त होऊन शिरूर अनंतपाळला गावी गेले. नवा लाइनमन फ्यूज आपल्या पिशवीतच ठेवतो. तरी तो खांबावर चढला की मी फाटकात जाऊन उभी राहते. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत माझ्या मुठी सुटत नाहीत.