पँगाँगची कोरी भिंत

आमच्या फुलंब्रीच्या शाळेच्या बोलक्या भिंती रंगवायला संभाजीनगरहून येणारा पेंटर ब्रशपेक्षा तोंड जास्त चालवतो. कानावर पेन्सिल, खिशात घडी घातलेला नकाशा आणि प्रत्येक ओळीआधी एकच प्रश्न, "सर, हे पक्कं ना?" माझं डोकं उठतं.

उद्या तपासणी. लडाखच्या चित्राखाली मी त्याला लिहायला सांगितलं, "पँगाँग सरोवर संपूर्ण भारतात आहे." त्याने रंगाचा डबा खाली ठेवला, नकाशा उलगडला आणि बोट फिरवलं.

"सर, हे तळं तर पार तिबेटात गेलंय. लांबडा भाग तिकडंच हाय."

"अहो, इथून कोण बघायला जातंय? लिहून टाका."

त्याने नकाशा घडी करून खिशात घातला. मला वाटलं, ऐकलं एकदाचं. तास घेऊन परत आलो तर चित्राखालची भिंत कोरी, शिडी तिथंच आणि पेंटर गायब! फोन लावला, तर मागे एसटीचा खडखडाट.

"कुठे आहात तुम्ही?"

"कन्नडला निघालोय, सर. तिकडच्या एका शाळेत दोन वर्षांखाली मीच लिहिलं होतं, पूर्ण तळं आपलं म्हणून. ते पुसून येतो."

"आणि माझी भिंत? उद्या साहेब येणार!"

"तुमच्या भिंतीवर अजून काही लिहिलंच नाय, सर. तिथली पोरं दोन वर्षं चुकीचं पाठ करायलीत."

फोन ठेवून मी कोऱ्या भिंतीसमोर चरफडत उभा राहिलो. ती ओळ मी वर्गात अठरा वर्षं शिकवतोय.